हिरव्या दारामागचा सेबुन्या

तुम्ही दोघी होस्टेलवर होतात म्हणून तुम्हाला काहीच माहीत नाही. इथे बुसांजेत आता मी रस्त्यानं निघाले की माणसं आधी हसतात, मग विचारतात, कशी आहेस व्हीजे. का हसतात ते सांगते. पण मधे मधे बोलू नका, मी एकदा थांबले की मला पुढचं सांगवणार नाही. आणि ती भाजलेली केळी इकडे सरकवा.

तर सोमवार. सोमवारी आमच्याकडे नवे पिक्चर येतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुकानापुढे रांग, प्रत्येकाकडे पिक्चर भरून घ्यायला पेन ड्राइव्ह, कुणाचा गळ्यात, कुणाचा ब्लाउजमध्ये खोचलेला, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "या आठवड्यात घरी बसून बघण्यासारखं काय आहे?" काउंटरवर आमची नायिगा. ती डॉक्टरसारखी तोंडाकडे बघून औषध देते. "तुम्हाला रडायचंय ना काकू, नायजेरियाचा सासूसुनेचा न्या, दोन भाग आहेत, दुसऱ्यात सासू मरते. तुम्हाला तुर्कांची मालिका, नवरा सगळं विसरतो आणि परत बायकोच्याच प्रेमात पडतो. आणि तुम्हाला अंगावर काटा हवा असेल तर हा कोरियाचा. पण दाराला कडी लावून बघा."

तो कोरियाचा मी केला होता. म्हणजे त्यावर मी बोलले होते, व्हीजेचं कामच ते. आतल्या खोलीत मी, लॅपटॉप, माइक आणि भिंतीला ठोकलेल्या गाद्या. पिक्चर चालतो आणि मी वरून आपल्या लुगांडा भाषेत सगळं सांगत जाते, बायकांचे आवाज, पुरुषांचे आवाज, कुत्र्याचासुद्धा.

गोष्ट अशी. एक छोटं गाव, एक माणूस पांढरी गाडी चालवतो, शाळेची पोरं ने-आण करतो, सगळ्यांशी गोड बोलतो. एक दिवस एक मुलगी घरी येत नाही. पोलीस भलत्यालाच धरतात. आणि मुलगी त्या गाडीवाल्याच्या गोदामात, पोत्यांच्या खाली, जमिनीतल्या खड्ड्यात. तिसऱ्या दिवसापर्यंत सापडली तर जिवंत, नाहीतर नाही. पिक्चर भारी आहे, खोटं कशाला बोलू.

आता कोरियन नावं आपल्या लोकांच्या लक्षात राहतात का? म्हणून व्हीजे सगळ्यांना इथलीच नावं देतो. सगळेच देतात. इन्स्पेक्टरला मी आपल्या गावच्या चेअरमनचं नाव दिलं, शाळेतल्या बाईला नायिगाच्या मावशीचं. लोक मुद्दाम सांगायला येतात, आमच्या भावाला पोलीस कर, आमच्या आजीला राणी कर. आणि खलनायकाला नाव द्यायचं ते अशाचं, जो ऐकून हसेल.

मी त्याला नाव दिलं सेबुन्या.

हो, तोच. मासाकाच्या रस्त्यावर पांढरी मिनीबस-टॅक्सी चालवणारा. किसाक्ये, हसू नकोस. तुला माहितीये मला तो दोन वर्षं आवडत होता. तुलाच फक्त माहीत होतं. तर झालं असं की एप्रिलमध्ये मी मासाकाहून येत होते, मांडीवर नवा माइक, पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी. टॅक्सी भरलेली, पण सगळे परगावचे, म्हणून मला धीर आला. मी त्याला सांगून टाकलं. हळूच सांगितलं हो, कानात सांगतात तसं. आणि तो मोठ्यानं म्हणाला, "तुझा आवाज आधीच घराघरात असतो, व्हीजे. माझ्या घरात तरी मला शांतता हवीय." मागे चौदा माणसं. चौदाच्या चौदा हसली. एका बाईला तर ठसका लागला, तिला मीच पाणी दिलं.

मग पिक्चर करायला बसले तेव्हा तो पांढरी गाडी घेऊन आला ना पडद्यावर, माझ्या तोंडातून आपोआप गेलं, "हा बघा आला सेबुन्या." नुसतं नाव घेऊन थांबले असते तर कुणाचं काही गेलं नसतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, हा डाव्या हातानं कुलूप उघडतो. मी म्हटलं, ह्याचं गोदाम पिठाच्या गिरणीमागे आहे, दार हिरवं आहे, खालचा कोपरा उंदरांनी खाल्लाय. पडद्यावरचं दार राखाडी होतं, पण ते कोण बघतंय. मी त्याचा आवाजसुद्धा काढला, तो "चला, चला, बसा" म्हणताना शेवटी जरा नाकातून ओढतो ना, तसा. दोन तास दहा मिनिटं मी सूड घेतला आणि संध्याकाळी मस्त जेवले.

आणखी एक गोष्ट मधेच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गेल्या वर्षी शाळेच्या छपराचे पत्रे गायब झाले होते, आठवतं? तेव्हा मी एका राजाराणीच्या पिक्चरमध्ये राजाच्या तोंडी घातलं होतं की पत्रे कुठे गेले ते त्याला विचारा ज्याचं स्वयंपाकघर दुपारी लांबून चमकतं. आणि पत्रे खरंच चेअरमनच्या मेव्हण्याच्या स्वयंपाकघरावर निघाले. तेव्हापासून लोक माझे पिक्चर कानात जीव आणून ऐकतात. व्हीजे उघड बोलू शकत नाही, पिक्चरमधून सांगते, असं म्हणतात. मला तेव्हा फार भारी वाटायचं.

बरं. सोमवारी पिक्चर गेला, बुधवारपर्यंत घराघरात तोच. गुरुवारी दुपारी टेंडो शाळेतून घरी आली नाही.

टेंडो म्हणजे ती सात वर्षांची, सायकलच्या दुकानाशेजारी राहते, तिची आई पिठाच्या मांडाझी तळून विकते. गुरुवारी लोकांनी विहिरी बघितल्या, केळीच्या बागा बघितल्या. भोंग्यावरून चार वेळा सांगितलं. मीसुद्धा बॅटरी घेऊन नाल्यापर्यंत गेले होते. माझ्या डोक्यात पिक्चर आलाच नाही, शपथ. मी तो करून टाकला होता, माझ्यासाठी तो संपला होता.

शुक्रवारी दुपारी चारला मी आत बसून नवीन पिक्चरवर बोलत होते. कानावर हेडफोन, दार बंद, बाहेर जग बुडालं तरी मला कळत नाही. नायिगानं येऊन हेडफोन ओढून काढला. 

"बाहेर ये."

"अगं चालू आहे रेकॉर्डिंग."

"नालू, बाहेर ये."

बाहेर आले तर दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पंचवीस-तीस माणसं. काउंटरवरच्या टीव्हीवर माझा पिक्चर, आणि लुबोवा खाटीक रिमोट हातात धरून मागे नेतोय, परत लावतोय, मागे नेतोय, परत लावतोय. आणि टीव्हीतून माझा आवाज. "गिरणीमागे, हिरवं दार, खालचा कोपरा उंदरांनी खाल्लाय. तिथे कोण बघणार?" परत. "तिथे कोण बघणार?" परत.

"ऐकलंत?" लुबोवा म्हणाला. "सोमवारीच सांगितलं होतं हिनं. आपणच गाढव."

मी म्हटलं, "अहो दादा, तो पिक्चर आहे."

"माहितीये ना. पत्र्याचा पण पिक्चरच होता."

"मी उगीच म्हटलं होतं. नाव काय, कुणाचंही देते मी."

माझ्याकडे बघून डोळा मिचकावला त्यानं. खरंच. जसं काही मी त्याला खूण केली. म्हणाला, "तू घाबरू नकोस पोरी. तुझं काम तू केलंस. आता आमचं." आणि सगळे बाहेर पडले, मला धक्का न लावता, अगदी आदरानं, चर्चमध्ये फादरला वाट देतात तशी वाट देऊन. एक जण जाताना दारातला जुना टायर उचलून घेऊन गेला. आमच्याच दारातला, ज्यावर आपण बसायचो तो.

टायर कशाला नेतात, कुणाच्या गळ्यात घालून पेटवतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.  नायिगा पोलिसांना फोन लावत होती, ते म्हणाले गाडी आहे, पेट्रोल टाकून येतो, म्हणजे आले की आले. मी चपला न घालता धावले. कोपऱ्यावर भाड्याची मोटरसायकल, बोडा मिळाली, बोडावाला म्हणतो, "गिरणीकडेच ना? सगळे तिकडेच चाललेत, व्हीजे. तुझ्यामुळे आज सापडणार बघ पोरगी." मी त्याच्या पाठीवर बुक्के मारत होते, लवकर चल, लवकर चल, आणि त्याला वाटत होतं मी खूश आहे.

गिरणीमागे शंभर तरी माणसं होती. टॅक्सीच्या काचा फुटलेल्या, एक चाक काढलेलं. सेबुन्या आत गोदामात शिरून आतून कडी लावून बसला होता. दाराबाहेर जमिनीवर रक्ताचे थेंब, थोडेच, पण होते. आतून त्याचा आवाज येत होता. "माझ्याकडे नाहीये ती. देवाशपथ नाहीये." आणि गर्दीत कुणीतरी फोनवर माझा पिक्चर लावलेला. तिथेही सेबुन्या ओरडत होता, "माझ्याकडे नाहीये ती," माझ्या आवाजात, नाकातून ओढत. दोन्ही आवाज एकमेकांवर. लोक म्हणत होते, बघा, शब्दन् शब्द तोच.

मी दारापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मी खोटं बोलले. ऐका. मी सगळं मनानं रचलं."

कुणीतरी म्हणालं, "हिला धमकी आलेली दिसतेय."

"नाही हो, कुणाची धमकी नाही."

"थरथरतेय बघा किती. सोडा तिला, बाजूला घ्या."

खरं बोलायला लागल्यावर माझा आवाजच फुटत नव्हता. पिक्चरमध्ये खून झाला तरी माझा आवाज हलत नाही, आणि इथे चिमणीसारखा. लुबोवानं मला दंडाला धरून बाजूला केलं. दार फोडायला दोघं पहार घेऊन आले. टायरवाला टायर दाराशी टेकवून उभा होता, आणि त्याच्याजवळ प्लास्टिकची बाटली होती, त्यात काय होतं ते वासानं कळत होतं.

तेवढ्यात टेंडोची आई आली माझ्यासमोर. ती ओरडत नव्हती. तिनं माझे दोन्ही हात धरले, तिचे हात पिठाचे होते, म्हणजे काल दुपारचं पीठ अजून तसंच वाळलेलं. म्हणाली, "न्याबो, बाई गं, तिसरा दिवस उद्या आहे. तू सांगितलंस ना तिसऱ्या दिवसापर्यंत. ती कुठे आहे ते मला सांग, खड्डा कुठल्या बाजूला आहे."

मी म्हटलं, "खड्डा नाहीये. ते कोरियात होतं."

"तू आत जाऊन बघितलंयस?"

"नाही."

"मग दाराचा कोपरा उंदरांनी खाल्लाय हे कसं ठाऊक? डाव्या हातानं कुलूप उघडतो हे कसं ठाऊक? हा दार कधी उघडतो, कसा उघडतो, तू बघितलंयस. तू ह्याच्यावर नजर ठेवून होतीस. कशासाठी ठेवून होतीस, काहीतरी दिसलं असेल म्हणूनच ना?"

 पहारवाले थांबले. तिचं म्हणणं बरोबर होतं ना. एवढं सगळं कुणाला उगीच ठाऊक असतं? मी दुसरं काहीही सांगितलं असतं तर ते खोटंच वाटलं असतं. एकच कारण होतं, आणि ते मला त्या शंभर माणसांपुढे, चेअरमनपुढे, माझ्या शाळेच्या बाईंपुढे आणि दाराच्या आत असलेल्या त्याच्यापुढे सांगायचं होतं. मला वाटलं जमीन फाटावी. मग पहार परत उचलली त्यांनी.

मी म्हटलं, "मला तो आवडायचा."

ती म्हणाली, "काय?"

"दोन वर्षं. रोज संध्याकाळी मी गिरणीवर दळण घेऊन यायचे. दळण नसलं तरी यायचे. नायिगाच्या घरचं मागून आणायचे. तिथे त्या दगडावर बसायचे. तो गोदाम उघडायचा, डाव्या हातानं, कारण उजव्या हातात टॅक्सीची किल्ली असते. दोनदा उघडावं लागतं, पहिल्यांदा कुलूप अडकतं. कोपऱ्यातून एकदा उंदीर निघाला, तो ओरडला आणि मग कुणी बघितलं का म्हणून आजूबाजूला बघितलं. मी बघितलं होतं. एप्रिलमध्ये मी त्याला सांगितलं, तर तो सगळ्या टॅक्सीसमोर म्हणाला, तुझा आवाज घरात नको. म्हणून मी त्याला पिक्चरमध्ये खलनायक केला. एवढंच आहे. त्यानं काही केलेलं नाही. मला फक्त नाही म्हणाला."

 फोनवरचा पिक्चर कुणीतरी बंद केला. मग मागून एक म्हातारी, ती रताळी विकणारी, मोठ्यानं म्हणाली, "तरीच. मी म्हणत होते ही पोरगी एवढ्या पिठाचं करते काय."

आणि लोक हसले. आधी चार बायका, मग सगळे. पोटं धरून. लुबोवा हसला. पहारवाला पहारेवर टेकून हसला. मी तिथे मधोमध उभी, अनवाणी, आणि शंभर माणसं मला हसतायत, आणि मला मनात एवढंच वाटत होतं, हसा, अजून हसा, थांबू नका. हसता हसता माणूस काडी ओढत नाही. टायरवाल्यानं टायर पायानं बाजूला ढकलला, जसा काही तो त्याचा नव्हताच.

हसली नाही ती फक्त टेंडोची आई. ती खाली बसली, मातीतच. म्हणाली, "मग माझी पोर कुठे आहे?"

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. आम्ही सगळे दुपारपासून पिक्चरमधली मुलगी शोधत होतो. चेअरमन तिच्याजवळ बसले, म्हणाले, "तिच्या बापाला कळवलं का?" बाप दोन वर्षं झाली वेगळा राहतो. ती म्हणाली, "त्याचा फोन कालपासून बंद आहे." चेअरमननी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. "कालपासून?" पुढचं मग पटापट झालं. बापाच्या बहिणीचं घर मित्याना गावी, चेअरमननी तिकडच्या चेअरमनला फोन केला, शनिवारी सकाळी टेंडो तिथे सापडली. बापानं शाळेतून परस्पर नेली होती, नवीन बूट घेऊन दिले होते आणि आईला माहीत आहे म्हणून सांगितलं होतं. तिचं काही बिघडलेलं नव्हतं. बूट एक नंबर मोठे होते, एवढंच.

पोलीस शुक्रवारी सहाला आले. त्यांनी सेबुन्याला बाहेर काढलं, कपाळावर खोक, सात टाके पडले. माझ्याकडे त्यानं बघितलंच नाही. मीही नाही.

मग मी घरोघर गेले. म्हटलं, तो पिक्चर पुसून टाका, मी बदलून दुसरा देते, फुकट, कुठलाही घ्या. कुणी पुसेना. "अगं, एवढा चांगला पिक्चर कधी मिळतो?" उलट ज्यांनी बघितला नव्हता तेही मागायला लागले. नायिगानं दुकानातून काढून टाकला, पण त्यानं काय होतंय, पेन ड्राइव्ह काय एकाच घरी राहतो?

हे सगळं झालं त्याला तीन आठवडे झाले. आणि आज सकाळी, म्हणून तर मी तुम्हाला बोलावलं, आज सकाळी दुकान उघडलं आणि पहिलं गिऱ्हाईक तो. नायिगा नेमकी पाणी आणायला गेलेली. मी एकटी. कपाळावर ती खूण. त्यानं पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवला.

"तो दे."

"कुठला?"

"माहितीये तुला कुठला. गावात मी सोडून सगळ्यांनी बघितलाय."

मी म्हटलं, "नको. मी दुसरा करते. दोन दिवस दे, सगळी नावं बदलून, दार राखाडी करून देते."

"तो नको. तोच हवा." मग म्हणाला, "माझ्या आईनं शेजारी जाऊन बघितला, बुधवारी. शुक्रवारी मी आत होतो ना, तेव्हा फटीतून दिसत होतं. माझी आई गर्दीत उभी होती. काही बोलली नाही. दगड मारला नाही तिनं, पण हा माझा मुलगा आहे, असंही म्हणाली नाही. शनिवारी पोरगी सापडली तेव्हा घरी येऊन जेवायला वाढलं. अजून नजर देत नाही मला. तिला काय दिसलं ते मला बघायचंय."

  मी लॅपटॉप उघडला. नायिगानं दुकानातला काढला असला तरी माझ्या आतल्या लॅपटॉपवर होताच. लोड व्हायला सात मिनिटं लागतात. सात मिनिटं तो काउंटरपाशी उभा आणि मी त्या पट्टीकडे बघत बसलेले, पट्टी इंचाइंचानं पुढे सरकतेय. सत्तर टक्के झाले, ऐंशी झाले. मी म्हटलं, "मला माफ कर." तो म्हणाला, "झालं का लोड?" झालं होतं. काढून दिला.

दारापर्यंत जाऊन तो वळला.

"माझा आवाज पण काढलायस म्हणे."

"हो."

"जमलाय?"

मला खोटं बोलता येईना. म्हटलं, "सगळे म्हणतात, हुबेहूब."

त्यानं मान हलवली, पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात टाकला आणि गेला.